आधी नाव

३ सप्टेंबर

छोटे,

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, पण हे पत्र केराच्या टोपलीत टाकण्याआधी पाकीट बाळच्या हातात दे. तिकीट मुद्दाम कडेला सैल चिकटवलंय, त्याला सोलायला सोपं जावं म्हणून. मागच्या खेपेला गोंद जास्त झाला होता. तिकीट फाटलं असेल आणि स्वारी दिवसभर तोंड फुगवून बसली असेल, हे मला इथे बसल्या बसल्या कळतं. छत्तिसाव्या वर्षी काय आणि सेहेचाळिसाव्या वर्षी काय, आपला भाऊ तिकिटाच्या बाबतीत तोच.

माझं बरं चाललंय. घासायला भांडी कमी, धुवायला कपडे कमी. संध्याकाळी कुलूप मीच काढते आणि दिवाही मीच लावते. घर खायला उठतं वगैरे मी लिहिणार नाही, कारण मग तू म्हणशील, बघ, मी सांगितलं नव्हतं? आई गेल्यावर तू आलीस, बाळ सकाळपासून बूट घालून खिडकीशी माझी वाट बघत बसलेला तुला दिसला, आणि तू म्हणालीस, लोकांच्या पोरांना बोलायला शिकवतेस आणि घरच्याशी बोलायला तुला वेळ नाही. मीही म्हटलं, ने मग त्याला तुझ्याकडे, बघू चार दिवस तरी झेपतं का. तुला झेपलं. झालं तर मग.

आता शाळेची बातमी, कारण दुसरी माझ्याकडे नसतेच. परवा आमच्या खोलीची तपासणी झाली. तू एकदाच ती खोली बघितली होतीस आणि ही खोली आहे की अडगळ असं नाक मुरडलं होतंस. आता येऊन बघ. जिन्याखालून वळलं की शेवटची. खाली जाड सतरंजी, एक बुटकं टेबल, भिंतीला मोठा आरसा, ओठ कसे हलतात ते मुलांना दिसावं म्हणून. आठ मुलं आहेत. मोठ्या वर्गात ज्यांचं काही चालत नाही अशी. अर्धा दिवस माझ्याकडे असतात. यांच्यासाठी सरकारचं अनुदान येतं, दर मुलामागे. त्यातूनच मदतनीस मावशींचा पगार निघतो, आठवड्यातून एकदा वाचा सुधारणाऱ्या बाई येतात, चित्रं आणि ठोकळे येतात. किमान आठ मुलं हवीत असा नियम आहे. अनुदान नसेल तर खोली नाही, मग पुन्हा तिथे मोडकी बाकं.

आमच्या शाळेत तपासणी म्हटलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे, तू मास्तरांच्याच घरात वाढलीस. पडदे धुतले जातात, नळ दुरुस्त होतो, मुलं आठवडाभर आधी पाठ केलेलं हसू हसतात. मग माझी मुलं तरी मागे का राहतील? माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी आहे. खूश झाली की जागच्या जागी गोल फिरते, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. वर्गात दोन वर्षं तोंडातून अक्षर नाही, सगळे मुकी म्हणायचे. माझ्याकडे हळूहळू बोलायला लागली, पण फक्त माझ्याशी आणि फक्त ठरलेलं. तिच्याकडून मी सहा प्रश्न बसवून घेतले. नाव काय, वय किती, घरी कोण, काय आवडतं, हा रंग कोणता, शाळा आवडते का. आरशासमोर बसून रोज. आधी नाव, मग वय, तस्सं.

आणि काय सांगू तुला, तपासणीच्या बाई आणि त्यांच्या बरोबरचे डॉक्टर समोर बसलेले असताना मी विचारत गेले आणि पोरीने सहाच्या सहा उत्तरं दिली, घडाघडा, मान वर करून. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई दाराशी उभी होती, शिवणकाम करते ती, बोटाला अंगुस्तान तसंच होतं. पदराने डोळे पुसत राहिली. मी त्या दिवशी घरी आले तर बाळला सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि मग आठवलं.

तुझी ताई


२४ सप्टेंबर

छोटे,

तोंडात मारल्यासारखं झालंय. तपासणीचा निकाल आला. भिंगरीच्या नावापुढे लिहिलंय की ही मुलगी सर्वसाधारण वर्गात बसण्यास योग्य असून तिला विशेष सेवेची गरज दिसत नाही. म्हणजे आठातली एक गेली. म्हणजे सात. म्हणजे खोली बंद.

झालं असं की यंदा नियम बदलला. आजवर तपासणी व्हायची ती खोलीची. फर्निचर आहे का, हजेरी भरते का, मुलांची प्रगती दिसते का. जितकं चकचकीत दाखवाल तितकं बरं. यंदा बघणार होते ते मुलाला मदतीची किती गरज आहे ते. तसं पत्रक आलं होतं. मुख्याध्यापकांनी त्यातली तारीख तेवढी वाचली आणि पडदे धुवायला पाठवले. आता ते काखा वर करून मोकळे झालेत. मला म्हणाले, बाई, तुम्ही तिला इतकं चांगलं तयार कशाला केलंत? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. इतर शाळांतल्या बायकांनी मुलांना नुसतं जसं आहे तसं बसू दिलं, त्यांच्या खोल्या शाबूत. आमच्याकडे दिखाऊपणाची हौस, आणि त्यात मी सगळ्यात पुढे.

मावशींना सांगितलं तर त्या खाली बसल्या. त्यांचं घर त्या पगारावर आहे. मग उठल्या आणि ठोकळे पुसायला लागल्या, पुसलेलेच. बाकीच्या सात जणांचं काय होणार ते मला सांगायला नको. त्यातला एक कुणी जोरात बोललं की टेबलाखाली जातो, पन्नास मुलांच्या वर्गात त्याला टेबल कुठून आणू? आणि भिंगरी, जी आता योग्य ठरलीय, ती मागच्या बाकावर बसेल आणि पुन्हा गप्प होईल. महिनाभरात पुन्हा मुकी. तिथे कोण तिला क्रमाने सहा प्रश्न विचारणार आहे?

अपील करता येतं. कार्यालयात मुलीला घेऊन जायचं, पुन्हा तपासतात. मी जाऊन आले. तिथल्या बाई वाईट नाहीत. मला पाणी दिलं. म्हणाल्या, आम्ही विचारलं तर परकी माणसं बघून बोलली नाही असं होईल, त्याला अर्थ नाही. तुमच्याशी ती बोलते ना, मग प्रश्न तुम्हीच विचारा, आम्ही बघू. गरज आहे असं दिसलं तर लगेच बदलू.

मी बसमध्ये बसले तेव्हा मला कळलं होतं काय करावं लागेल. अगदी सोपं आहे. प्रश्नांचा क्रम बदलायचा, बस.

बाळला पडसं झालं होतं का गं? या दिवसांत होतं त्याला. छातीला चोळायचं ते कपाटात आईच्या डब्यात असायचं, तुझ्याकडे नसेल तर पाठवते.

ताई


९ ऑक्टोबर

छोटे,

सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. मी भिंगरीच्या आईला खरं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, कार्यालयात पुन्हा एकदा दाखवायचंय. तिला वाटलं, पोर इतकी हुशार निघाली की वरच्या साहेबांना बघायचीय. नवा फ्रॉक शिवायला घेतलाय तिने, गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवून. मला कापड दाखवलं. पिवळं आहे, त्यावर बारीक ठिपके. छान आहे म्हटलं.

मला आठवडाभर एकच गोष्ट आठवते आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, कारण तिथे आपण दोघीच होतो. बाळच्या अपंगत्वाच्या दाखल्याची. दर काही वर्षांनी त्याला त्या डॉक्टरांच्या बैठकीपुढे न्यावं लागायचं, पेन्शन चालू राहावी म्हणून. आई त्या दिवशी त्याचे केस विंचरायची नाही. शर्टाची बटणं खाली-वर लावायची. आपल्याला सांगायची, तुम्ही मधे बोलू नका. आपण कधी बोललो नाही. आणि एकदा तो बाहेरच्या नळावर गेला आणि स्वतःच पाणी लावून, बोटांनी, भांग पाडून आला. केवढा हसत आला होता. आठवतं? आईने सगळ्यांसमोर हात घातला त्याच्या केसात आणि विस्कटून टाकला. त्याने आईकडे बघितलं. रडला नाही, काही नाही. नुसतं बघितलं. घरी येताना तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की नखं रुतली, आणि आपण दोघी त्याबद्दल आजवर एक शब्द बोललो नाही.

आई चुकली असं मी म्हणत नाही. त्या पेन्शनवर त्याची औषधं यायची. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आणि आता रोज पडतो. सात मुलं आणि मावशी एकीकडे, पिवळा फ्रॉक एकीकडे. तू असतीस तर चहा ढवळत दोन शब्दांत निकाल लावला असतास, आणि मी तुझं ऐकलं नसतं तरी भांडायला कुणी तरी समोर असतं. इथे मी भिंतीशी भांडते.

ताई


१९ ऑक्टोबर

छोटे,

काम झालं. खोली वाचली. निर्णय तिथल्या तिथे बदलून दिला, सहीशिक्क्यासकट. मावशींचा जीव भांड्यात पडला, मुख्याध्यापकांनी माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा आणून ठेवला. मी म्हटलं, यापुढे पत्रक आलं की पूर्ण वाचत चला. त्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षीही तारीखच वाचतील, पण ते असो.

मी क्रम बदलला. पहिल्यांदा विचारलं, तुला काय आवडतं? तिने नाव सांगितलं. मग विचारलं, घरी कोण असतं? ती म्हणाली, नऊ. बाईंनी लिहून घेतलं. आणखी एक विचारला, त्याला ती काहीच बोलली नाही. मग बाई म्हणाल्या, पुरे, लक्षात आलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

तिची आई मागे खुर्चीवर होती. बाहेर आल्यावर जिन्यात थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "बाई, तुम्हाला माहीत होतं. माझ्या पोरीला नवं घालून आणायला लावलंत आणि चारचौघांत वेडी ठरवलंत." मी तिला सगळं सांगितलं, अनुदान, आठ मुलं, नियम, टेबलाखाली जाणारा मुलगा. तिने ऐकून घेतलं. मग पोरीचा फ्रॉक खांद्यावर सारखा केला आणि तिला घेऊन उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने भिंगरीला माझ्या खोलीत पाठवायचं बंद केलंय. मोठ्या वर्गात बसवते.

नाव मात्र माझ्याकडेच आहे. वर्षभर राहील. अनुदान तिच्या नावाने येतं, ती येत नाही.

इथे थंडी पडायला लागली. बाळचा जाड स्वेटर इथेच राहिलाय, याच्याबरोबर वेगळ्या पुड्यात पाठवते.

ताई


२ नोव्हेंबर

छोटे,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. का लिहिली नाही ते तू ओळखशील.

तिसरा प्रश्न विचारला तेव्हा ती काहीच बोलली नाही असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. ती टेबलावर थोडी पुढे वाकली, माझ्या अगदी जवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाई, आधी नाव."

तिला वाटलं मी चुकले. मी विसरले. एवढ्या माणसांसमोर बाईंची फजिती होऊ नये म्हणून ती मला सांगत होती. छोटे, दोन वर्षांत या मुलीने मी न शिकवलेलं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. त्या वाक्याची मी दोन वर्षं वाट बघितली. रोज त्या आरशासमोर. आणि ते आलं ते तिथे, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, काही म्हणाली का ती? मी म्हटलं, नाही.

कारण हो म्हटलं असतं तर त्यांनी पुन्हा पेन उचललं असतं.

मग ती माझ्याकडे बघत राहिली. मी ते बघणं आधी पाहिलंय. तूही पाहिलंयस.

मी चूक केली असं मी तुला लिहीत नाही. आज सातही मुलं आली होती. टेबलाखालचा चक्क टेबलावर बसला होता आणि मावशी त्याला ओरडत होत्या आणि त्याला ते चाललं. ते सगळं खरं आहे. पण मधल्या सुट्टीत मी मोठ्या वर्गाच्या बाजूने जाते, काहीतरी आणायच्या निमित्ताने. ती शेवटच्या बाकावर असते. पाटी उलटी धरून त्यावर काहीतरी काढते. मला बघितलं की पाटी झाकते. मी निमित्ताचं सामान घेऊन परत येते, एकदा तर नुसती खिचडीच्या चुलीची फुंकणी घेऊन आले, मावशी म्हणाल्या, बाई, हिचं आपण काय करायचं?

आरशावर मी कापड टाकलंय. मुलांसाठी काढते, मुलं गेली की टाकते.

मला वाटायचं तू बाळला नेलंस ते माझ्यावरच्या रागाने. असेलही. पण तो तिथे खिडकीशी बूट घालून बसत नसेल ना? एवढं एक सांग. पत्र नको, चिठ्ठी नको. हो की नाही, एवढंच कळव.

ताई


१ डिसेंबर

छोटे,

तुझं पाकीट मिळालं. उघडायला मला बाळइतकाच वेळ लागला. आत एक शब्द नाही, तू ती तूच. फक्त फोटो.

दारात उभा आहे, स्वेटर घातलाय, आणि केस ओले करून भांग पाडलाय. त्यानेच पाडलाय, कळतंच, उजव्या कानाकडून सुरू होऊन मधेच कुठे तरी गेलाय. पायात चप्पल आहे. बूट नाहीत. मी फोटो किती वेळ बघत बसले ते विचारू नकोस. दूध उतू गेलं.

घरी ठेवला असता, पण घरी तो आणि मी दोघंच झालो असतो. म्हणून शाळेत नेला आणि आरशाच्या कडेला लावला, कापड काढून. मावशी म्हणाल्या, भाऊ का? नाक तुमच्यासारखंच आहे. मी म्हटलं, नशीब त्याचं.

आज मधल्या सुट्टीत मी वह्या लावत होते. दाराशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. भिंगरी होती. पाय उंबऱ्याच्या बाहेर, मान तेवढी आत. मी तिच्याकडे बघितलं नाही. काही विचारलं नाही. छोटे, मी आयुष्यात एवढी गप्प कधी बसले नसेन, तुझा विश्वास बसणार नाही. वह्या एकीवर एक ठेवत राहिले. ती फोटोकडे बघत होती. खूप वेळ बघून म्हणाली,

"वाकडाय."

मी म्हटलं, हो, वाकडा आहे. त्याचा त्याने पाडलाय.

तिने आणखी थोडा वेळ बघितलं आणि निघून गेली. गोल फिरली वगैरे नाही. उद्या येईल असं मला वाटत नाही, तिच्या आईचा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मी काही केलेलंही नाही. उद्या जाणार आहे तिच्या आईकडे. जिन्यात सांगितलं नाही ते सांगणार आहे, की तुझी मुलगी त्या दिवशी कार्यालयातलं एकमेव माणूस होती जिने दुसऱ्याची काळजी केली, आणि मी ते लपवलं. मग तिला पोरीला पाठवायचं तर पाठवील, नाही तर नाही. आणि कार्यालयातल्या बाईंच्या कानावर जायचं असेल तर जाऊ दे.

तू बाळला सांग, इथे एक मुलगी आहे, तिने तुझा भांग बघितला आणि वाकडा आहे म्हणाली. हसेल तो. आणि हेही सांग की फोटो आरशाला लावलाय, रोज सगळ्यांना दिसतो, आणि तो भांग कुणी सरळ केला नाही.

ताई